वाशिमच्या विद्यार्थी प्रतिनिधीनं बोलायला कसं शिकावं?

"सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." शाळा मानोऱ्याची असो की रिसोडची, सावित्रीबाईंची जयंती असो, संत सेवालाल महाराजांची, शिवरायांची की बाबासाहेबांची, भाषण याच वाक्यानं सुरू होतं. मधला मजकूर बाईंनी किंवा सरांनी वहीत लिहून दिलेला असतो. शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" म्हणत मुलगी धावत आपल्या जागेवर जाऊन बसते.

या पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. शंभर डोळ्यांसमोर उभं राहायची पहिली सवय तिथंच लागते. अडचण पुढं येते. हीच मुलगी कॉलेजात वर्ग प्रतिनिधी होते. वसतिगृहाच्या टाकीत चार दिवस पाणी नाही म्हणून प्राचार्यांना भेटायचं ठरतं. सगळ्या जणी तिला पुढं करतात आणि तिला काही सुचत नाही, कारण अशा वेळी काय बोलायचं ते वहीत लिहून दिलेलं नसतं. हा लेख तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या मुलामुलींसाठी आहे.

स्पर्धेतलं भाषण वेगळं, प्रतिनिधीचं वेगळं

वक्तृत्व स्पर्धेत विषय आयोजक देतात, वेळ पाच-सात मिनिटांची असते आणि घंटा वाजली की थांबायचं असतं. परीक्षक विषयाची मांडणी, भाषा, उच्चार आणि आविर्भाव पाहून गुण देतात. ऐकणाऱ्यांनी भाषणानंतर काही करावं अशी अपेक्षा नसते. प्रतिनिधीचं बोलणं याच्या उलट असतं. विषय त्याच्या अंगावर येऊन पडलेला असतो आणि समोरच्यानं काहीतरी करावं, एवढ्यासाठीच तो बोलतो. बस वेळेवर सोडावी, ग्रंथालय सातपर्यंत उघडं ठेवावं, शिष्यवृत्तीचा अडकलेला अर्ज पुढं पाठवावा. टाळ्या पडल्या पण गाडी सुटली नाही, तर ते बोलणं वाया गेलं असं समजायचं.

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या वक्तृत्वाचा बहुतेक सगळा जोर स्पर्धेवर गेला, यामागं एक कारण मला दिसतं. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रात विद्यार्थी मंडळांच्या थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या. परीक्षेत पहिला आलेला मुलगा आपोआप प्रतिनिधी होऊ लागला. त्याला कोणाकडं मत मागायला जावं लागलं नाही, कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्ग प्रतिनिधी अशी निवडून येणारी रचना कागदावर परत आणली. पण प्रत्यक्ष निवडणुका लांबणीवर पडत राहिल्या. मधल्या काळात पिढ्यांमागून पिढ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. मतासाठी, मागणीसाठी बोलण्याचा सराव त्यांना कॉलेजात मिळालाच नाही. हे मोठं नुकसान आहे.

पूर्वी असं नव्हतं. मुंबईत 1848 मध्ये एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक सभा काढली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्यात पुढं होते. त्याच वर्षी तिची मराठी शाखा, ज्ञानप्रसारक सभा, सुरू झाली. पोरं निबंध वाचत, त्यावर वाद घालत. पण ती वादावर थांबली नाहीत. मुलींना शिकवावं की नाही यावर बोलून झालं आणि 1849 मध्ये याच मंडळींनी मुलींच्या शाळा उघडल्या. सुरुवातीला त्यांतले काही सभासद स्वतःच तिथं विनामोबदला शिकवत.

गाडगेबाबा कसं बोलायचे

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला, पण विद्यापीठ अमरावतीचंच राहिलं. त्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे, म्हणून इथल्या पदवीधराच्या गुणपत्रिकेवर ते छापलेलं असतं. गाडगेबाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. आणि तरी प्रतिनिधीनं ज्यांच्यापासून बोलायला शिकावं असा त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस मला वऱ्हाडात सापडत नाही.

त्यांची रीत नीट पाहा. गावात आले की आधी खराटा हातात. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. त्यामुळं कीर्तनाला उभे राहीपर्यंत गावात घाण कुठं आहे, दारूचं दुकान कुठं आहे, कोणाच्या दारात कर्जाचा तगादा लागला आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असे. आजच्या भाषेत सांगायचं तर आधी पाहणी, मग भाषण.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. बाबा लोकांना उपदेश ऐकवत बसत नसत, ते विचारत. साधा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न. हजारो माणसं एका आवाजात उत्तर देत. त्या उत्तरातूनच बाबा पुढचा प्रश्न काढत आणि चार-पाच प्रश्नांनंतर माणसं अशा ठिकाणी येऊन पोचत, की नवसाचं बोकड कापणं चूक आहे किंवा पोराला शाळेत घातलंच पाहिजे, हे त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघे. वक्त्यानं सांगितलेली गोष्ट माणूस घरी जाईपर्यंत विसरतो, पण स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं कबूल केलेली गोष्ट त्याला सहजासहजी टाकता येत नाही.

तिसरी गोष्ट उदाहरणांची. ती सगळी ऐकणाऱ्याच्या घरातली असत. भाकर, लुगडं, सावकार, बैल, बाळंतपण. संस्कृत श्लोकावाचून त्यांचं काही अडलं नाही. आणि मधून मधून गोपाला गोपालाचा गजर, म्हणजे डोक्याला विसावा आणि पुढच्या मुद्द्याला जागा.

8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत बांद्र्याला त्यांचं अखेरचं कीर्तन झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे आणि मोबाइलवर ऐकायला मिळतं. विद्यार्थी प्रतिनिधीनं ते वही-पेन घेऊन ऐकावं. बाबा किती प्रश्न विचारतात, कुठं थांबतात, लोक हसल्यावर पुढचं वाक्य किती वेळानं येतं, याची नोंद करावी. वक्तृत्वाच्या दहा पुस्तकांपेक्षा हा एक तास अधिक शिकवील.

विदर्भात व्याख्यानाचीही थोर परंपरा आहे. वणीच्या राम शेवाळकरांना (1931–2009) ऐकायला लोक रात्र जागत. वाक्याची घडण आणि आवाजाचा चढउतार त्यांच्याकडून जरूर घ्यावा. पण व्याख्यान ऐकायला आलेला माणूस आपणहून आलेला असतो. प्रतिनिधीला मात्र बहुधा अशा माणसाशी बोलायचं असतं, ज्याला ऐकायचं नाही.

मले आणि मला

आता एक नाजूक विषय. वाशिमच्या कितीतरी मुलांना बोलायची भीती नसते, भाषेची असते. घरी 'मले', 'तुले', 'काऊन', शाळेच्या जागी 'शाया', पाण्याच्या जागी 'पानी'. मंगरूळपीर-मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवरच्या मुलांच्या घरी तर गोरबोली. मराठी त्यांना पहिलीत भेटते. स्पर्धेत 'ण' आणि 'ळ' चुकला म्हणून गुण कापले जातात, शहरातली मुलं हसतात आणि एखादं चांगलं बोलणारं पोरगं कायमचं गप्प होतं. असं गप्प झालेलं पोरगं पुन्हा बोलतं करणं फार कठीण असतं, म्हणून शिक्षकांना कळकळीची विनंती, की वर्गात कोणाच्या बोलीवर हसू देऊ नका.

प्रमाण मराठी शिकायचीच नाही, असा याचा अर्थ नाही. अर्ज, निवेदन, विद्यापीठाची बैठक, मुलाखत, इथं ती लागते. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचला, स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करून ऐकला, तर सहा महिन्यांत ळ आणि ण जागेवर येतात. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये लिहिलेली 'स्त्री-पुरुष तुलना' मोठ्यानं वाचण्यासाठी फार चांगली. वाचताना समोर कोणीतरी उभं आहे आणि बाई त्याला जाब विचारताहेत असं वाटतं. तोंडाला वळण लागतं आणि युक्तिवादही कळतो.

पण आपल्या गड्यांशी बोलताना आपली बोली सोडू नये. विठ्ठल वाघांनी वऱ्हाडी कविता महाराष्ट्रभरच्या मंचांवर नेली, तेव्हा ती कोणाला अडाण्याची वाटली नाही. बसस्थानकावर चाळीस पोरं जमली असताना कोणी "मित्रहो, परिवहन व्यवस्थेतील अनियमिततेमुळे" असं सुरू केलं तर पोरं पांगतील. तेच "गड्याहो, आपली गाडी दहाले येते अन् कॉलेज साडेनवाले भरते. सांगा बरं, या आठवड्यात पहिल्या तासाले कितीक दिवस बसले तुम्ही?" असं विचारलं की उत्तरं येऊ लागतात. दोन्ही भाषा हाताशी असाव्यात आणि कुठं कोणती काढायची ते कळावं. दोन भाषांत वाढलेल्या तांड्यावरच्या मुलाला तर ही सवय लहानपणापासून असते. आपलं हे बळ आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

आधी आकडा

26 मार्च 1902 ला कलकत्त्याला गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदे मंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकार तिजोरीतली शिल्लक अभिमानानं दाखवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं, की ही शिल्लक म्हणजे गरीब रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर आहे. आवाज चढवला नाही, कोणाला शिवी दिली नाही. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. त्या भाषणामागं गणेश व्यंकटेश जोशी नावाचे शिक्षक होते. सरकारी अहवालांतून आकडे वेचून, जुळवून ते गोखल्यांना देत. प्रत्येक विद्यार्थी प्रतिनिधीला असा एक जोशी हवा, म्हणजे बोलण्याची हौस नसलेला पण वहीत नोंदी नीट ठेवणारा मित्र.

आपलं उदाहरण घेऊ. एसटीच्या अकोला विभागात वाशिम, रिसोड, मंगरूळपीर आणि कारंजा ही आपली चार आगारं येतात. खेड्यातल्या विद्यार्थ्यांचं शिक्षण बरंचसं या चार आगारांच्या वेळापत्रकावर चालतं. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, पण गाडीच वेळेवर नसेल तर पास काय कामाचा? आगार व्यवस्थापकाकडे जायचं तर "विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत" हे वाक्य घरी ठेवून जावं. समजा, तुमच्या गावाहून 43 पासधारक येतात. मग बोलणं असं हवं:

"साहेब, आमच्या गावचे 43 पासधारक विद्यार्थी सकाळच्या फेरीनं येतात. ही त्यांची नावं, पास क्रमांक आणि सह्या. गेल्या 24 कामाच्या दिवसांत गाडी 15 दिवस अर्ध्या तासाहून उशिरा आली आणि 3 दिवस आलीच नाही. ही तारीखवार नोंद. आमची मागणी एकच, ही फेरी साडेआठला सुटावी. चालकाची अडचण असेल तर ती आम्हाला सांगा, आम्ही वेळ थोडी मागंपुढं करायला तयार आहोत. पुढच्या सोमवारी उत्तर घ्यायला आम्ही दोघं येऊ."

एका मिनिटात संपतं. यात कोण, किती, केव्हापासून, काय हवं आणि उत्तर केव्हा घ्यायला येणार, हे सगळं आहे. समोरच्यालाही माणूस मानलं आहे, त्याच्या अडचणीला जागा ठेवली आहे. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला मात्र विसरू नये. तरीही काही हललं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथं हेच निवेदन, हाच आकडा, हीच पोच पुन्हा उपयोगी पडते.

उलटा प्रश्न आला आणि उत्तर माहीत नसलं तर "हे माहीत नाही, काढून सांगतो" म्हणावं. थाप मारली आणि ती उघडी पडली, की पुढं खरंही कोणी ऐकत नाही.

पाय लटपटतात त्याचं काय?

लटपटणारच. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजींना शाकाहारी मंडळाच्या बैठकीत स्वतः लिहून नेलेला कागदही वाचता आला नव्हता. तो दुसऱ्यानं वाचला. बुजरेपणामुळं शब्द जपून वापरायची सवय लागली, असं त्यांनी पुढं आत्मकथेत नोंदवलं आहे.

काही साधे उपाय आहेत. उठण्याआधी श्वास हळूहळू, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडावा, असं चार वेळा. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ, मधले मुद्दे फक्त चिठ्ठीवर. सगळं भाषण पाठ केलं की एक शब्द निसटला तरी पुढची गाडीच रुळावरून उतरते. पाच मिनिटांत निवांत लयीत साधारण पाच-सहाशे शब्द बोलून होतात. त्याहून जास्त लिहून नेलं की धावावं लागतं आणि धावणाऱ्याचा दम सगळ्यांना ऐकू येतो.

आभारापासून सुरुवात करा

कॉलेजच्या कार्यक्रमाची उतरंड ठरलेली. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी, लोक चपला शोधू लागलेले असताना, आभार. आभार मानायला कोणी तयार नसतं. नवशिक्यानं तेच मागून घ्यावं. दोन मिनिटांचं काम, चुकलं तरी कोणी लक्षात ठेवत नाही. पण ते नीट करायचं तर पाहुण्यांचं सगळं भाषण ऐकावं लागतं, त्यातला एक मुद्दा पकडून आभारात गुंफावा लागतो. मंडपवाला, माईकवाला, पाणी देणारे मामा यांची नावं विचारून घ्यावी लागतात. ऐकणं आणि माणसांची दखल घेणं या दोन्ही गोष्टी इथं फुकटात शिकायला मिळतात.

त्यानंतर सूत्रसंचालन. इथं एक सांगावंसं वाटतं, की दर पाहुण्याआधी चारोळी म्हणायची जी पद्धत पडली आहे ती सोडून द्यावी. त्यानं कार्यक्रम लांबतो आणि सूत्रसंचालक पाहुण्यांपेक्षा मोठा होऊन बसतो. सूत्रसंचालन जमलं की प्रास्ताविक. आणि मग स्वतःचं भाषण.

याहून मोठी शाळा म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. तिच्या विशेष शिबिरात सात दिवस एखाद्या गावात राहायचं, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. तिथं समोर परीक्षक नसतात. सोयाबीन काढून थकून आलेला शेतकरी असतो, कडेवर मूल घेतलेली बाई असते, मागं पोट्टे गोंधळ घालत असतात, मधूनच लाइट जाते. शोषखड्डा का खणायचा हे अशा सभेला माईकशिवाय पटवून देणारा मुलगा कुठल्याही सभेत उभा राहू शकतो. माईकशिवाय बोलताना ओरडायचं नसतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाकडं पाहून, तोंड पुरेसं उघडून, शब्द सुटे सुटे टाकायचे असतात. वाक्याचा शेवट गिळायचा नाही, मराठीत क्रियापद तिथंच असतं.

माईक असेल तर तोंडापासून चार बोटं दूर धरावा. फुंकर मारू नये, बोटानं ठोकू नये, आणि तो हातात घेऊन भोंग्याच्या समोर जाऊ नये, नाहीतर शिटी वाजते. एवढं पुरे.

मुलींच्या हाती माईक

आपल्याकडे मुलींना माईक मिळतो तो स्वागतगीतासाठी आणि सूत्रसंचालनासाठी. मागणी मांडायची वेळ आली की पुढं मुलगा जातो. वसतिगृहाच्या पाण्याचा, स्वच्छतागृहाचा, शेवटच्या गाडीचा प्रश्न मुलींचा, आणि तो सांगणार ज्यानं तो सोसलेला नाही तो. हे चूक आहे. विद्यार्थी मंडळात महिला प्रतिनिधीची जागा कायद्यानं दिली आहे, पण बोलायची संधी कॉलेजनं द्यायला हवी. तालमी आणि स्पर्धा संध्याकाळी उशिरापर्यंत चालवल्या तर पाच वाजता गावची गाडी धरणारी मुलगी आपोआप बाहेर पडते. प्राध्यापकांनी वेळ दुपारची ठेवली तर निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

ग्रामसभेत उभे राहा

कॉलेजच्या निवडणुका होवोत न होवोत, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला बोलायची एक हक्काची जागा आहे. ती म्हणजे ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तिच्या ठरलेल्या तारखा. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथं मुलींनी आयांबरोबर जावं. येत्या ग्रामसभेला एक विषय घेऊन जा. शाळेचं गळकं छप्पर, अभ्यासिकेसाठी रिकामी खोली, थांब्यावरची शेड, काहीही चालेल. आधी चार घरी जाऊन विचारा, आकडा वहीत घ्या, आपल्या बोलीत एक मिनिट बोला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तो विषय इतिवृत्तात लिहायला सांगा. लिहिला की नाही, ते वाचून बघितल्याशिवाय घरी जाऊ नका.